झोटेरो: संदर्भसूची तपासणाऱ्या टेबलावरून

शोधनिबंध किंवा प्रबंध लिहायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: झोटेरो, म्हणजे संदर्भ जमवून त्यांची सूची करून देणारं प्रोग्रॅम, बसवून घ्या आणि पहिला लेख वाचाल तेव्हापासून वापरा. सगळं टाइप करून झाल्यावर, सादर करायच्या आदल्या आठवड्यात नको. मी ग्रंथालयात काम करते आणि प्रबंध पुढे जाण्याआधी त्यांच्या संदर्भसूच्या माझ्याकडे तपासायला येतात. माझ्या कामातला हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. सूची हाताने केली आहे की झोटेरोने, हे पहिल्या पानावरच कळतं. हाताने केलेल्या सूचीत एका नोंदीत वर्ष कंसात असतं, पुढच्या नोंदीत प्रकाशकाच्या मागे. कुठे लेखकाचं पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं. झोटेरोच्या सूचीत हा गोंधळ नसतो. तिथल्या चुका वेगळ्या जातीच्या असतात आणि त्या ओळखता आल्या तर सूची निर्दोष होऊ शकते. म्हणून कौतुकाइतकंच त्या चुकांबद्दलही लिहिणार आहे.

झोटेरो २००६ मध्ये आलं. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यमं या विषयांच्या केंद्राने ते बनवलं. सुरुवातीला ते फायरफॉक्स ब्राउझरची एक जोड होतं. इतिहासाच्या अभ्यासकांनी बनवल्याचा फायदा आजही दिसतो. पुस्तक आणि नियतकालिकातला लेख एवढ्यावर ते थांबत नाही. पत्र, हस्तलिखित, मुलाखत, नकाशा, वर्तमानपत्रातली बातमी, अप्रकाशित प्रबंध, प्रत्येकासाठी वेगळा नोंदप्रकार आहे. आता ते स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, फोनवरही आहे. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे आणि एक ना-नफा संस्था ते सांभाळते.

काम कसं चालतं ते थोडक्यात. ब्राउझरमध्ये लेख उघडा, झोटेरोचं बटण दाबा. लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठं, डीओआय (लेखाचा ऑनलाइन कायमचा ओळखक्रमांक) असं सगळं आपोआप नोंदीत येऊन बसतं. पुस्तक हातात असेल तर त्याचा आयएसबीएन टाइप केला तरी पुरतं. लिहिताना वर्डमध्ये (लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्समध्येही) ‘ॲड/एडिट सायटेशन’ दाबायचं, लेखकाच्या आडनावाची दोन-तीन अक्षरं टाइप करायची, नोंद निवडायची. शेवटी सूची मागितली की तयार. सूचीत तेवढेच संदर्भ येतात जे मजकुरात आहेत. परीक्षक पहिल्यांदा नेमकं हेच बघतात: मजकुरात नाव आहे पण सूचीत नाही, किंवा सूचीत आहे आणि मजकुरात कुठेच नाही. झोटेरो वापरणाऱ्यांच्या सूचीत मला हा दोष जवळपास कधीच सापडत नाही.

दुसरा मोठा गुण स्टाइल, म्हणजे संदर्भ लिहिण्याची पद्धत, बदलण्याचा. एका नियतकालिकाने निबंध परत केला आणि दुसऱ्याला एपीएऐवजी (आडनाव आणि वर्ष देण्याची अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत) अंकांची पद्धत हवी असली, तर ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये स्टाइल बदला, सगळा निबंध बदलतो. अंकांच्या पद्धतीत दुसऱ्या पानावर एक नवा संदर्भ घातला की पुढचे सगळे अंक सरकतात. हाताने हे करणाऱ्यांचे हाल मी बघितले आहेत. झोटेरोसाठी दहा हजारांहून जास्त स्टाइल उपलब्ध आहेत. त्या सीएसएल नावाच्या एका खुल्या भाषेत लिहिलेल्या असतात आणि हीच भाषा मेंडेली हे झोटेरोसारखंच दुसरं प्रोग्रॅमसुद्धा वापरतं. स्टाइलच्या फाइलींवरून एकदा कोर्टकचेरीही झाली आहे. एंडनोट या अशाच आणखी एका प्रोग्रॅमच्या स्टाइल-फाइली झोटेरोला वाचता याव्यात अशी सोय केल्यावरून एंडनोटची तेव्हाची मालक कंपनी थॉमसन रॉयटर्सने २००८ मध्ये दावा लावला होता. तो २००९ मध्ये फेटाळला गेला. संशोधकाने स्वतः जमवलेल्या नोंदी एकाच कंपनीच्या कुलपात अडकू नयेत असं मला मनापासून वाटतं, आणि झोटेरोची शिफारस करण्यामागे ते एक मोठं कारण आहे. मेंडेली २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीने घेतलं आणि २०१८ मध्ये वापरणाऱ्याच्या संगणकावरचा त्याचा डेटाबेस कूटबद्ध केला. त्यानंतर नोंदी दुसरीकडे नेणं अवघड झालं. झोटेरोतल्या नोंदी कधीही, पाहिजे त्या स्वरूपात बाहेर काढता येतात.

आता चुकांकडे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक संस्थेच्या नावाची. अहवाल जागतिक आरोग्य संघटनेचा असतो आणि सूचीत छापून येतं ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’. कारण सरळ आहे. लेखकाच्या रकान्यात आडनाव आणि नाव असे दोन भाग असतात. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन हे नाव त्यात गेलं की शेवटचा शब्द आडनाव ठरतो. रकान्याशेजारी छोटं बटण आहे, ते दाबलं की दोन भागांचा एक होतो आणि नाव अखंड राहतं. मंत्रालयं, आयोग, बँका, सगळ्यांना हेच लागू.

मग शीर्षकातली इंग्रजी मोठी अक्षरं. एपीएला लेखाच्या शीर्षकात पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा (:) शब्द आणि विशेषनामं एवढीच मोठ्या अक्षराने सुरू झालेली चालतात. एमएलए आणि शिकागो या दुसऱ्या दोन पद्धतींना महत्त्वाचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने हवा. झोटेरो लहानाचं मोठं आपोआप करतं, उलट करत नाही, आणि तसं असणंच योग्य आहे: कोणता शब्द विशेषनाम आहे हे यंत्राला कळत नाही. म्हणून नोंदीत शीर्षक नेहमी एपीएला चालेल अशा रूपात ठेवावं. शीर्षकावर राइट-क्लिक केलं की तसा बदल करण्याची सोय मिळते; देशांची, माणसांची नावं मग एकदा नजरेखालून घालायची. हे काम नोंद जमा झाल्याबरोबर केलं तर अर्ध्या मिनिटाचं आहे. शेवटी करायला बसलं तर दोनशे शीर्षकं समोर असतात.

तिसरी चूक बारीक आहे, पण मला ती ओळखता आली की फार बरं वाटतं. मजकुरात सगळीकडे नुसतं आडनाव आणि वर्ष येत असतं आणि मध्येच एका ठिकाणी आडनावाआधी आद्याक्षरं उगवतात. विद्यार्थी म्हणतात, ‘मॅडम, झोटेरो बिघडलंय.’ बिघडलेलं नसतं. समजा १९५३ मध्ये ‘नेचर’च्या १७१व्या खंडात आलेला, डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख (पृष्ठं ७३७ ते ७३८) तुमच्याकडे आहे आणि वॉटसन यांचं एखादं पुस्तकही. एका नोंदीत ‘जे. डी.’ असेल आणि दुसरीत नुसतं ‘जेम्स’, तर झोटेरो त्यांना दोन वेगळी माणसं समजतं आणि वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून आद्याक्षरं जोडतं. दोन्ही नोंदींत नाव सारखं केलं की ती गायब होतात. तसंच वर्षापुढे अकारण ‘ए’ आणि ‘बी’ लागले असतील तर एकच लेख दोनदा जमा झाला आहे असं समजा. दुहेरी नोंदी एकत्र करायची सोय आतच आहे.

संपादित ग्रंथातलं प्रकरण हा सर्वात नुकसान करणारा प्रकार. तुम्ही वाचलेलं असतं एका लेखिकेचं एक प्रकरण, पण ग्रंथालयाच्या तालिकेतून नोंद घेतली की अख्खं पुस्तक येतं आणि लेखकाच्या जागी संपादक बसतो. ज्या व्यक्तीचा विचार तुम्ही उचलला तिचं नावच सूचीतून पुसलं जातं. इथे नोंदीचा प्रकार ‘बुक सेक्शन’ करून लेखिका, प्रकरणाचं शीर्षक आणि पृष्ठं हाताने भरावीच लागतात. पुनर्मुद्रणाचंही असंच: १९६२चं पुस्तक २०१२च्या आवृत्तीतून वाचलं असेल तर ‘एक्स्ट्रा’ रकान्यात मूळ वर्ष लिहिता येतं आणि एपीएमध्ये दोन्ही वर्षं तिरक्या रेषेने जोडून छापली जातात.

या सगळ्या दुरुस्त्या झोटेरोच्या नोंदीत करायच्या, वर्डमध्ये नाही. वर्डमधल्या सूचीत हाताने केलेली सुधारणा पुढच्या वेळी सूची ताजी झाली की पुसली जाते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. गाइड सांगतात, ‘प्रकाशकाचं गाव लिहा,’ विद्यार्थी गाव टाइप करतो, दुसऱ्या दिवशी गाव गेलेलं असतं. खरं तर एपीएच्या ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने गाव लिहिणं बंदच केलं आहे. त्याच आवृत्तीने सूचीत वीसपर्यंत लेखकांची नावं द्यायला सांगितलं, आणि मजकुरात तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं नाव आणि ‘एट अल’ (‘आणि इतर’). गाइडशी वाद घालण्याआधी आपल्याला कोणती आवृत्ती लागू आहे ते लेखी विचारून घ्यावं आणि झोटेरोत तीच निवडावी. अवतरणाचं पृष्ठही कंसाबाहेर टाइप करू नये. संदर्भ घालताना त्यावर क्लिक केलं की पृष्ठासाठी जागा मिळते.

देवनागरीतल्या नोंदी झोटेरो नीट जपून ठेवतं. फक्त मराठी पुस्तकांची माहिती जाळ्यावर तयार मिळणं कठीण, त्यामुळे मुखपृष्ठ आणि आतलं पान समोर ठेवून ती भरावी लागते. सूची छापल्यावर मराठी नावांवरून एकदा नजर फिरवावी.

एका सोयीसाठी मी झोटेरोची कायमची ऋणी आहे. २०१९पासून ते मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या माहितीशी तुमच्या नोंदी ताडून बघतं. एखादा लेख नियतकालिकाने मागे घेतला असेल तर नोंदीवर लाल पट्टी येते. तो निबंधात घालायला गेलात तर इशारा मिळतो, आणि आधीच घातलेला लेख नंतर मागे घेतला गेला तरीही मिळतो. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा १९९८चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला. असा लेख पुरावा म्हणून एखाद्या प्रबंधात गेला तर स्वल्पविराम जागच्या जागी असून काय उपयोग? संदर्भसूची म्हणजे वाचकाला दिलेली हमी आहे की इथे जा, मी म्हणते ते तुला सापडेल. म्हणूनच चॅटबॉटला विचारून मिळवलेले संदर्भ मी डीओआय टाकून तपासायला लावते. डीओआय टाकल्यावर भलताच लेख उघडला की चर्चा तिथेच संपते.

उणिवाही आहेत. मोठ्या प्रबंधात प्रत्येक संदर्भ घालताना वर्ड अडखळायला लागतं. संदर्भ आपोआप ताजे करणं तात्पुरतं बंद ठेवलं की सुटका होते. नोंदी ऑनलाइन ठेवायला मर्यादा नाही, पण पीडीएफसाठी फुकट जागा फक्त ३०० एमबी आहे आणि ती लवकर भरते. झोटेरोचं डेटा फोल्डर ड्रॉपबॉक्ससारख्या ठिकाणी मुळीच ठेवू नका, डेटाबेस खराब होतो. गूगल डॉक्समधून वर्डमध्ये नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर संदर्भ तुटतात. त्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये वेगळा पर्याय दिला आहे, पण तो इतका आत दडलेला आहे की कुणी दाखवल्याशिवाय सापडत नाही. आणि एकच छोटा निबंध लिहायचा असेल तर एवढा पसारा नको. त्याच मंडळींचं झोटेरोबिब ब्राउझरमध्ये काहीही न बसवता चालतं.

निबंध पाठवण्याआधी फाइलची एक प्रत जोडलेल्या संदर्भांसह वेगळी जपून ठेवा, दुसऱ्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करा (संदर्भ झोटेरोपासून सुटून साधा मजकूर होतात) आणि ती पाठवा. परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या की काम पहिल्या प्रतीवर करायचं असतं.