गामा की खाशाबा?

सोलापुरात तालमीतली पोरं घाम पुसत बसली की या दोघांत थोर पैलवान कोण, हा वाद हमखास निघतो. गामा म्हणजे अफाट ताकद. १९१० मध्ये लंडनला पोलंडचा पैलवान झिबिस्को याच्याशी कुस्ती तासन्‌तास चालून बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळात त्यालाच मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं! रोजच्या हजारो बैठकांच्या कथा तर वेगळ्याच.

खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे, वजन जेमतेम ५७ किलोच्या गटातलं. माती सोडून मॅटवर उतरले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासखर्चासाठी त्यांच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं होतं, हे आठवलं की आजही गळा दाटतो.

ताकदीत गामाच, यात वाद नाही. पण हलक्या अंगाच्या पोराला मी खाशाबाच सांगतो.