फ्रीकॅडसाठी व्होरोनॉय जाळीची स्क्रिप्ट: भिंत कळते, गोल कड जमत नाही

थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या पंख्यांच्या जाळ्या आणि कंट्रोल बॉक्सची हवेशीर झाकणं डिझाइन करण्यासाठी मी फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या प्रोग्राममध्ये एक मोफत पायथन स्क्रिप्ट वापरते. आयताकृती झाकणांसाठी ती मी डोळे झाकून सुचवेन. गोल जाळीसाठी मात्र हाताने काम करायची तयारी ठेवा.

मला ती आवडली ती भिंतींमुळे, म्हणजे दोन भोकांमध्ये उरणाऱ्या पट्ट्यांमुळे. व्होरोनॉयमध्ये बिंदू टाकायचे आणि ज्या बिंदूला जी जागा सर्वांत जवळ, ती त्याची पेशी. इथवर सगळ्याच स्क्रिप्ट सारख्या. फरक पडतो तो पेशीचं भोक करताना. बऱ्याच स्क्रिप्ट प्रत्येक पेशी तिच्या मध्याकडे ठरावीक प्रमाणात लहान करतात, समजा ०.९ पटीने. मग १० मिमी रुंदीच्या दोन शेजारी पेशींमध्ये साधारण १ मिमी भिंत उरते आणि ३० मिमीच्या दोन पेशींमध्ये ३ मिमी. स्क्रीनवर ते छान दिसतं, पण छापलेला भाग नेमका बारीक पेशींच्या घोळक्यात मोडतो. ही स्क्रिप्ट प्रमाण विचारतच नाही, मिलिमीटर विचारते. १.६ सांगितलं की प्रत्येक पेशीची कड ०.८ आत सरकते (याला ऑफसेट म्हणतात) आणि भिंत सगळीकडे १.६ मिळते. प्रिंटरच्या ०.४ मिमी नोझलला त्या चार सरळ रेघा. कोपऱ्यांना त्रिज्याही देता येते, ती जरूर द्या. टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो.

स्क्रिप्ट वेगवानही आहे आणि त्याचं कारण बांधणीतच आहे. शेकडो भोकं एकेक करून कापत बसण्याऐवजी स्क्रिप्ट बाहेरची कड आणि आतल्या सगळ्या कडा मिळून एकच फेस, म्हणजे सपाट पृष्ठ, बनवते आणि तो एकदाच एक्स्ट्रूड करते, म्हणजे त्याला जाडी देते. बुलियन कटची, म्हणजे एका आकारातून दुसरा वजा करण्याची, वेळच येत नाही.

'रिलॅक्स' नावाचा आकडा आहे, तो सोडू नका. प्रत्येक बिंदू आपल्या पेशीच्या गुरुत्वमध्यावर सरकवायचा आणि पेशी पुन्हा काढायच्या, ही स्टुअर्ट लॉइड यांची पद्धत. बेल लॅब्समध्ये १९५७ साली त्यांनी ती सिग्नलच्या कामासाठी मांडली होती. शून्यावर जाळी विस्कटलेली दिसते, फार वाढवली तर पेशी जवळजवळ षटकोनी होतात. मला दोन किंवा तीन पुरतात.

आता कड. काठावरच्या पेशी मुळात अनंतापर्यंत उघड्या असतात. आयतासाठी स्क्रिप्ट चारही बाजूंना बिंदूंची आरशातली प्रतिबिंबं टाकते, त्यामुळे पेशीची सीमा बरोबर आयताच्या कडेवर येते. फार सुंदर युक्ती आहे. वर्तुळाला ती लागू पडत नाही, म्हणून तिथे पेशी सरळ छाटल्या जातात आणि चिंचोळे तुकडे उरतात. त्यांत ऑफसेट मावत नाही, मग स्क्रिप्ट ते भोक न सांगता गाळते. जाळीत मध्येच बंद ठिगळ दिसतं. निदान रिपोर्ट व्ह्यूमध्ये, म्हणजे फ्रीकॅडच्या संदेशांच्या चौकटीत, एक ओळ यायला हवी होती.

स्क्रूची जागा राखून ठेवायचीही सोय नाही. १२० मिमी पंख्याची स्क्रूभोकं १०५ मिमी अंतरावर असतात आणि तिथे पेशी हमखास येतेच. मी जाळी झाल्यावर चार कोपऱ्यांत गोल भर जोडते आणि त्यातून भोकं पाडते.

तयार होतो तो मुका आकार. पॅरामीटर बदलला की स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागते आणि नंतर दिलेले फिलेट (कडांची गोलाई) पुन्हा द्यावे लागतात. सीडचा, म्हणजे बिंदूंची यादृच्छिक मांडणी ठरवणारा, आकडा तेवढा लिहून ठेवा. बाकी आकडे तेच ठेवले तर तोच सीड तीच जाळी देतो.

नुसतं वजन कमी करायचं असेल तर या स्क्रिप्टच्या वाटेला जाऊ नका. समान क्षेत्रफळाच्या पेशींमध्ये सर्वांत कमी भिंत षटकोनांना लागते, हे थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलं आहे. ती जाळी एक षटकोन काढून पॅटर्न टूलनेही होते.