गॅसवरचा बिडाचा वॉफल साचा

इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बिडाचं ओतकाम चालतं, तेव्हा बेळगावकरांना बिडाचं कौतुक सांगायला नको. तरी हा साचा उचलताना मनगट बोलतं. आधी दोन्ही बाजू उलटून-पालटून नीट तापवायच्या. पीठ पडताच चर्र झालं नाही तर वॉफल चिकटलाच म्हणून समजा. खाचाखाचांतून तूप फिरवायचं, पीठ मधोमध ओतायचं, मिटून लगेच उलटायचं. कडेची वाफ मंदावेपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर वॉफलचे दोन पापुद्रे सुटतात. दांडेही बिडाचेच, त्यामुळे फडकं हवंच. कुरकुरीतपणा मात्र झकास, करंट गेला तरी अडत नाही. सासूबाईंनी तर वर कुंदा घालून खाल्ला! एका वेळी एकच निघतो. पाहुणे जमले की डोसेच बरे.