कमळाचं पान की शार्कची कातडी?

प्रोजेक्टच्या पृष्ठभागासाठी नक्कल कोणाची करू, असं एका विद्यार्थ्याने विचारलंय.

कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे स्फटिक असतात. थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पानाशी करते तो कोन) १५० अंशांच्या वर जातो, म्हणजे थेंब जवळपास गोल राहतो. तो घरंगळताना धूळही घेऊन जातो. टिकाऊपणाची मात्र बोंब! पान झिजलेलं मेण पुन्हा तयार करतं, आपला लेप घासला की गेला. पाण्याखाली तर उंचवट्यांमधली, पाण्याला दूर ठेवणारी हवा हळूहळू विरघळते, मग सगळंच मुसळ केरात.

शार्कच्या दातेरी खवल्यांवरच्या खाचा प्रवाहाचं घर्षण कमी करतात, प्रयोगशाळेत फार तर १० टक्के. हवेवर त्या अवलंबून नसतात. पण खाचा प्रवाहाच्या दिशेतच हव्यात, त्यांच्यातलं अंतर वेगानुसार ठरतं, मेहनत बरीच.

पावसात भिजणाऱ्या भिंतीसाठी कमळ. ठरावीक वेगाने जाणाऱ्या विमानासाठी शार्क.