पोकर सेट काही महिने वापरल्यावर: होल्डेम, ओमाहा की स्टड?

दिवाळीच्या आधी 500 चिप्सचा (पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा) पोकर सेट घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायची पोकर ॲप बंद झाली आणि आमच्यातले मोबाइलवर खेळणारे सगळे शनिवारी पुण्यात आमच्या घरी जमू लागले. पैसे लावायचे नाहीत, महिनाभराच्या चिप्सचा हिशेब वहीत मांडायचा, एवढा एकच नियम. सेट आता भरपूर हाताळून झालाय. तुम्ही पोकरचा कुठला प्रकार, होल्डेम, ओमाहा की स्टड, खेळणार यावर सेट कसला घ्यायचा हे ठरतं, आणि विकणारे ते सांगत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

नवीन माणूस आला की होल्डेमच. हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांसाठी सामायिक पाच. चहा येईपर्यंत नियम सांगून होतात. जगभर होल्डेम का पसरला, त्याचं कारणही हेच. अमेरिकेत आधी स्टडचा जोर होता. पुढे वर्ल्ड सिरीज या मोठ्या पोकर स्पर्धेचा मुख्य सामना नो-लिमिट (कितीही चिप्स लावता येतात अशा) होल्डेमचा झाला, टीव्हीवर खेळाडूंची झाकलेली पानं दाखवणारे कॅमेरे आले आणि 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन 25 लाख डॉलर जिंकला. बघणाऱ्याला प्रत्येकाची दोनच पानं ध्यानात ठेवायची असतात, त्यामुळे घरबसल्या सामना समजतो. सात पानांच्या स्टडला ते जमणं कठीण होतं.

पण पैसे नसले की होल्डेम लंगडा पडतो, हे माझं स्पष्ट मत आहे. कुणी ऑल-इन म्हटलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, की चौघं ‘बघूया तरी’ म्हणून कॉल करतात, म्हणजे तेवढ्याच लावतात, आणि ब्लफला (हलकी पानं भारी असल्याचं भासवण्याला) अर्थच उरत नाही. वहीतला हिशेब सुरू केल्यावर बराच फरक पडला.

जुने खेळाडू जेवणं झाली की ओमाहा मागतात. हातात चार पानं, त्यातली दोनच घ्यायची आणि बोर्डवरची, म्हणजे मधल्या पाचातली, तीन. बोर्डवर चार इस्पिक आहेत आणि तुमच्याकडे इस्पिकचा एकटा एक्का आहे, तर होल्डेममध्ये तुमचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) झाला, ओमाहात नाही. होल्डेमवरून आलेला प्रत्येकजण इथे एकदा तरी अडतो. चार पानांतून दोनच्या सहा जोड्या निघतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी लागतं आणि पहिल्याच फेरीत पानं टाकून मोबाइल काढणारे कमी होतात. फोल्ड करून बसून राहण्याचा कंटाळा हे खेळ बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण मला तरी दिसलं.

ओमाहा बहुधा पॉट-लिमिट खेळतात, म्हणजे मधल्या ढिगात (पॉटमध्ये) जेवढ्या चिप्स तेवढंच वाढवता येतं, आणि तिथे चिप्सची खरी परीक्षा होते. समजा पॉटमध्ये 60 आहेत आणि समोरच्याने 20 लावले. आधी तुमच्या कॉलचे 20 धरायचे, पॉट 100 झाला, म्हणजे अजून 100 वाढवता येतात. एकूण 120 पुढे सरकवायचे. हा हिशेब दर दुसऱ्या डावाला होतो. आमच्या सेटमध्ये चिप्सवर आकड्यांचे स्टिकर आहेत आणि ते कडेने सुटायला लागलेत. आकडा छापलेल्याच चिप्स घ्या. आठ जणांना 500 मात्र पुरून उरतात.

स्टड कमी जण मागतात, पण माझा जीव त्यात आहे. बोर्ड नाही, ब्लाइंड (पानं बघण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स) नाही. प्रत्येकाची सातातली चार पानं उघडी. कुठली पानं बाहेर गेली हे जो लक्षात ठेवतो तो पुढे जातो. आमचे काका आयुष्यभर मेंढीकोट खेळले, होल्डेममध्ये त्यांचं मन रमलं नाही. स्टडला बसले आणि पहिल्याच संध्याकाळी ‘बदाम आता दोनच उरलेत’ म्हणून शांतपणे पानं टाकून मोकळे. घरात मेंढीकोटवाली पिढी असेल तर त्यांना स्टड नक्की शिकवा. फक्त आठ जण शेवटपर्यंत राहिले तर 56 पानं लागतात आणि कॅटात असतात 52, म्हणून सात जणांपर्यंतच बरं.

दुरी ते पंजी काढून 36 पानांचा शॉर्ट डेकही खेळून पाहिला. त्यात फ्लश फुल हाउसच्या (तीन सारखी पानं आणि एक जोडी) वरचा धरतात, त्यावरून वाद फार होतात. आमच्याकडे टिकला नाही.

प्लास्टिकच्या कॅटांना मात्र पूर्ण गुण. सुरुवातीला पानं हातातून निसटतात, पिसायला सवय लागते. फराळाच्या दिवसांत चिवड्याचे तेलकट हात लागूनसुद्धा ओल्या फडक्याने पुसली की साफ. कागदी कॅटाच्या कडा एव्हाना वळल्या असत्या. पेटीची एक कडी तुटली, दुकानदाराने बदलून दिली नाही. पेटीसाठी जास्त पैसे मोजू नका.

स्टड खेळणार असाल तर मोठ्या आकड्यांची पानं घ्या, टेबलापलीकडची सत्ती आणि एक्का वेगळे दिसले पाहिजेत. ओमाहासाठी चार रंगांचा कॅट मिळतो, चौकट निळी आणि किलवर हिरवं. पुढची खरेदी तीच.