पॅराबोल: रेट्रोत गप्प बसणाऱ्या टीमसाठी

दर दोन आठवड्यांनी सॉफ्टवेअर टीमची रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची मीटिंग, होते, मॅनेजर विचारतो "काही अडचण?", सगळे "नाही, ऑल गुड" म्हणतात, आणि पुढचा रिलीजही (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढणं) रात्री अकरापर्यंत रेंगाळतो. अशा टीमने पॅराबोल जरूर वापरून बघावं. रेट्रो घ्यायचं हे ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) टूल ब्राउझरमध्येच चालतं. लहान टीमला फुकटचा प्लॅन पुरतो.

त्याची खरी ताकद क्रमात आहे. आधी चेक-इन, मग सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या मुद्द्यांची कार्डं लिहायची, सारखी कार्डं ओढून एकत्र करायची, मतं द्यायची आणि चर्चा सगळ्यात शेवटी. लिहिताना कार्डावर नाव येत नाही. तोंडी रेट्रोत टेक लीड (टीमचा तांत्रिक प्रमुख) आधी बोलला की ज्युनियर त्याचीच री ओढतात. इथे त्याचं मत कळेपर्यंत सगळ्यांचं लिहून झालेलं असतं. मतदानात साधारणपणे प्रत्येकाला 5 मतं मिळतात, एका विषयाला जास्तीत जास्त 3 देता येतात. जास्त मतांचा विषय चर्चेला आधी येतो, मॅनेजरच्या आवडीचा नव्हे.

सात जणांच्या टीमला एक तास पुरे. चेक-इन 5 मिनिटं, लिहिणं 10, गट करणं 8, मतदान 2, मग तीन विषयांना प्रत्येकी 10 आणि शेवटी कामं ठरवायला 5. बऱ्याच टीम गट करण्यातच वीस मिनिटं घालवतात आणि चर्चेला वेळच उरत नाही. त्यामुळे टायमर लावाच.

चर्चेतून निघालेलं काम तिथेच एखाद्याच्या नावावर टाकता येतं, जिरा किंवा गिटहब या कामं नोंदवायच्या टूल्सवरही पाठवता येतं. मात्र "कोड रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं) सुधारूया" असं काम लिहिलं तर काही होत नाही. कार्ड "पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासणीसाठी पाठवलेला कोडमधला बदल) चार दिवस पडून राहतात" असं असेल, तर काम असं हवं: "400 ओळींच्या वरचा पीआर तोडायचा, पहिला रिव्ह्यू 24 तासांत, दोन आठवडे करून बघायचं." अशी दोनच कामं घ्या आणि पुढची रेट्रो त्यांच्यापासून सुरू करा. लिहून काही बदलत नाही असं दिसलं की लोक लिहायचंच सोडतात.

निनावीपणाला मर्यादा आहेतच. चार जणांच्या टीममध्ये लिहिण्याच्या ढबीवरून माणूस ओळखू येतो. मॅनेजरने एकदा जरी "हे कोणी लिहिलं?" विचारलं, तरी पुढच्या वेळी सगळी कार्डं गुळमुळीत येतात. रेट्रोतलं वाक्य अप्रेजलमध्ये काढलं तर ती टीम पुन्हा मोकळेपणाने लिहील ही आशा सोडा. मीटिंगनंतर ईमेलने येणारा सारांश टीमला विचारल्याशिवाय वरच्या साहेबांना फॉरवर्ड करू नका. मॅनेजरने मत देऊ नये, आणि मीटिंग चालवायला दर वेळी वेगळा माणूस असावा.

इंटरफेस इंग्रजी असला तरी कार्डं मराठीत किंवा मिसळून लिहिता येतात. लिहू द्या, मनातलं त्या भाषेत लवकर येतं.

एखाद्या सहकाऱ्याच्या वागण्याचा त्रास असेल तर मात्र हे टूल त्यासाठी नाही. तसं कार्ड आलं तर ते सगळ्यांसमोर चघळू नका, त्याच आठवड्यात प्रत्येकाशी वन-ऑन-वन, म्हणजे एकेकट्याशी बोलणं, ठेवा.