चालवत नीट करायची की पूर्ण उघडायची? मुंबईतल्या जुन्या फियाटचा हिशेब

वडिलांची, काकांची किंवा शेजारच्या पारशी आजोबांनी जाता जाता दिलेली फियाट दारात उभी असली की सल्ला देणाऱ्यांचे दोन पक्ष आपोआप पडतात. एक म्हणतो, चालवत राहा, एकेक काम काढत गेलास की होईल. दुसरा म्हणतो, एकदाच सगळी उघड आणि रंगापर्यंत पुरी कर, नाहीतर आयुष्यभर हातातला पाना सुटायचा नाही. दोघंही बरोबर बोलतात, फक्त गाडी न बघता बोलतात.

माझ्याकडे बाबांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे सगळे जिला फियाटच म्हणतात ती. गेली चार वर्षं ती मुलुंडहून परळला ऑफिसला नेतो आणि त्याच काळात तिची कामंही काढतो. माझ्या एका मित्राने त्याच सुमारास आपली १९७८ ची गाडी गॅरेजात देऊन पार सांगाडा केली. दोन्ही रस्ते जवळून पाहिलेत, म्हणून हा खटाटोप.

आधी पत्रा बघा

लोक बॉनेट उघडतात आणि इंजिनचा आवाज ऐकतात. तो शेवटी ऐकला तरी चालेल. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं ते इंजिन साधं आहे, बोल्ट सोडले की बाहेर येतं, आणि बिघडलं तर सगळं बांधता येतं. क्लच, ब्रेक, रेडिएटर, मागचे पाटे, सेल्फ, सगळंच सुटं होणारं. पत्र्याचं तसं नाही. या गाडीला खाली वेगळी चासी नसते. फरशी, दारांखालचे रनिंग बोर्ड आणि मधला बोगदा हे मिळूनच तिचा कणा.

मी गाडी हातात घेतली तेव्हा ऑक्टोबर होता. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं, त्याखाली नमदा होता, आणि पाऊस जाऊनही तो ओला होता. त्याखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते मुठीपर्यंत खाली गेलं. बाहेर काढल्यावर भोकातून सोसायटीच्या पार्किंगची पांढरी रेघ दिसली. मग मुठीने सगळी फरशी ठोकत गेलो. बाकी सगळीकडे टणटण वाजत होतं, त्या एका वीतभर जागेत मात्र डबडब. वीतभरच होतं म्हणून वाचलो. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करायला दोन शनिवार लागले आणि सोमवारी गाडी ऑफिसला गेली.

मित्राच्या गाडीची फरशी वरून माझ्यापेक्षा बरी दिसायची. पण जॅक लावून उचलली तर मागचं दार बंद होईना. म्हणजे रनिंग बोर्ड आतून संपले होते आणि गाडी मधून वाकत होती. अशी गाडी चालवत चालवत नीट करायचा विषयच उरत नाही. इंजिन कितीही गोड वाजत असो, ती उघडावीच लागते.

खालून काळं अँटीरस्ट मारलेलं असेल तर जास्त सावध व्हा. गंजावर मारलेलं कोटिंग गंज थांबवत नाही, झाकतं, आणि आत ओल धरून ठेवतं. विकायच्या गाडीला खालून ताजं काळं दिसलं की मी आधी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढतो. मालकाला आवडत नाही, पण त्याला इलाज नाही.

चालवत नीट करण्यातलं सुख

मोठा फायदा पैशाचा वाटतो: या महिन्यात ब्रेक, दिवाळीनंतर रेडिएटर, बोनस आला की सीटकव्हर. तो आहेच. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसराच. रोज चालणारी गाडी काय दुखतंय ते सांगत राहते. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर सोमवारी गाडी रुसल्यावर कुठे बघायचं ते माहीत असतं. मी एकदाच हा नियम मोडला. एका रविवारी कार्ब्युरेटरही साफ केला आणि सीबी पॉइंटही (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) बदलले. दुसऱ्या दिवशी ती कांजूरमार्गपासून धक्के देत गेली आणि दोष इंधनाचा की करंटचा हे शोधण्यात आठवडा गेला. पॉइंटसोबत टाकलेला नवीन कंडेन्सरच खराब निघाला. हल्ली जुना कंडेन्सर मी फेकत नाही, डिकीत ठेवतो.

कामाचा क्रम मात्र आवडीने ठरवू नका. आपल्याकडे सुरुवात सीटकव्हर, क्रोम आणि म्युझिक सिस्टिमने होते, कारण ते दिसतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही गाडी आजच्या गाड्यांच्या गर्दीत चालवायची तर पहिला खर्च मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, ब्रेकचे होज आणि लायनर यांवर. मग टायर. नक्षी कितीही खोल दिसली तरी टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. असा टायर बसल्याजागी कडक झालेला असतो. त्यानंतर वायरिंग. तीस-चाळीस वर्षांच्या वायरचं कव्हर हातात भुगा होऊन येतं, त्यावर कुणीतरी हॉर्नसाठी, कुणी फॉगलॅम्पसाठी जोड मारलेले असतात, आणि ते जोड पेट्रोलच्या पाइपशेजारून जातात. अग्निशामक सिलिंडर सीटखाली ठेवा, डिकीत नको.

पेट्रोलच्या पाइपचं वेगळं सांगायला हवं, कारण अलीकडे हीच कटकट जास्त झालीय. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी होज आणि गाडीतल्या फ्युएल पंपाचा पडदा त्यात फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो आणि सुटलेला गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. इथेनॉल सोसणारे होज टाका, पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा आणि तो दर पंधरा दिवसांनी बघा. या बाबतीत रोज चालणारी गाडी उभ्या गाडीपेक्षा सुखी, कारण तिच्या टाकीत पेट्रोल शिळं होत नाही.

आणि त्यातला त्रास

मे महिना, दुपारचा दीड, सायन सर्कल. पुढे बस, मागे टेम्पो, टेंपरेचरचा काटा लालच्या जवळ. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली ती पडलीच. सेल्फ मारत राहिलो तर बॅटरी बसायला आली. शेजारी एक काळीपिवळी वॅगन आर थांबली. ड्रायव्हर साठीचा असेल. काच खाली करून म्हणाला, "पंपावर ओलं फडकं टाका साहेब, आणि दहा मिनिटं गप बसा." पंपात पेट्रोलची वाफ झाली होती. फडकं नव्हतं, रुमाल भिजवून टाकला. अकराव्या मिनिटाला गाडी लागली. तोपर्यंत तो सिग्नल सुटून निघून गेला होता, आभार मानायचे राहिले.

असा माणूस आता योगायोगाने भेटतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती सेवेतून गेली. टॅक्सी होत्या तोवर या गाडीचं सामान नाक्यावर मिळायचं आणि दर दुसऱ्या मेकॅनिकला ती पाठ होती. आता सामानासाठी ऑपेरा हाऊसची दुकानं पालथी घालायची, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्यातून वेचायचं. गंमत म्हणजे ही गाडी बनायची त्याच कुर्ल्यात, एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात.

चालवत नीट करताना खरा घात पावसाळा करतो. पत्र्याचं काम करून गाडी प्रायमरवर ठेवायची आणि रंग पुढच्या महिन्यात बघू म्हणायचं, हे मुंबईत करू नका. प्रायमर पाणी पितो. मी मे अखेरीस पुढचा मडगार्ड प्रायमरवर सोडला होता. गणपतीत बघतो तर तांबूस ठिपके, सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. ऐन पावसात रंग मारला तर हवेतल्या ओलीने लॅकर पांढरट पडतो, तो वेगळाच ताप. शिवाय एकेक भाग रंगवलेली गाडी शेवटी गोधडीसारखी दिसते. जुन्या रंगाला नव्या रंगाची छटा जुळत नाही. माझी तशीच दिसते. बायकोला विचारलंत तर ती याहून कडक शब्द वापरेल.

हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलला पाणी भरायची शक्यता असेल त्या दिवशी मी लोकलने जातो. "रोजची गाडी" म्हणजे मुंबईत ऑक्टोबर ते मे, असंच धरून चाला. ज्याला रोज सकाळी नऊला कार्ड पंच करावंच लागतं आणि घरापासून स्टेशन लांब आहे, त्याने या फंदात पडू नये.

पूर्ण उघडल्यावर

मित्राची गाडी आज माझ्यापेक्षा कितीतरी देखणी आहे. पत्रा आतून बाहेरून साफ, पोकळ जागांत मेण मारलेलं, रंग एकाच हाताचा. हे चालवत करून कधीच साधत नाही. ज्याला पत्रा कायमचा सोडवायचाय, त्याला हाच रस्ता.

पण गॅरेजवाल्याने आठ महिने सांगितले होते आणि लागली अडीच वर्षं. त्यात लबाडी नव्हती. गॅरेज चालतं ते अपघाताच्या आणि क्लेमच्या गाड्यांवर. तशी गाडी आली की तुमची कोपऱ्यात सरकते, आणि एक दिवस तिच्या टपावर दुसऱ्याचा बंपर दिसतो. तोवर क्लिपा, बीडिंग, काच वर-खाली करायचे हँडल हरवत जातात. मित्राने उघडताना प्रत्येक स्क्रू नाव लिहून पिशवीत घातला होता, तरी मागच्या दिव्याची एक काच गेलीच. ती शोधायला चार महिने.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. बांधून आलेल्या गाडीत सगळंच नवं असतं, त्यामुळे दोषही एकदम येतात. ऑईल गळतं, क्लच धरतो, टेंपरेचर चढतं, आणि कशामुळे काय होतंय ते कळत नाही. पहिले हजार किलोमीटर मित्र घर ते गॅरेज एवढंच फिरला.

खर्चाची तुलना सरळ नाही. त्याचा आकडा मोठा, पण एकदाच. माझा छोटा, पण मी चार वर्षांत दोनदा केलेली कामं धरली तर वाटतो तेवढा छोटा नाही. दोघांच्याही हिशेबात पत्रा आणि रंग यांनीच निम्म्याहून जास्त खाल्लं.

कागद

गाडी उघडण्याआधी आरसी बुकावरची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. सुट्या भागांची गाडी नेणार कशी? मित्राची मुदत गॅरेजातच संपली आणि दंड चढत गेला. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींना २०२५ मध्ये ती १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. रंग बदलणार असाल तर तोही आरसीवर चढवावा लागतो. मूळ रंगच ठेवा, सुटाल.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी आणि "व्हीए" असलेला नंबर मिळतो. ऐकायला छान वाटतं. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

गाडी अजून घ्यायचीच असेल तर

फियाटशी नातं नसेल तर मारुती ८०० घ्या. १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली, त्यामुळे सामान मिळतं, मेकॅनिक मिळतो, आणि कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या नंतरच्या मॉडेलला सायनच्या दुपारीही घाम फुटत नाही. चालवत नीट करायला यापेक्षा सोपी गाडी नाही. फक्त तिचा पत्रा पातळ, म्हणजे स्क्रूड्रायव्हर तिथेही हवाच. आणि सिग्नलला कुणी काच खाली करून बोलायला येणार नाही, तेवढं सोडून द्यायचं.

तुमची फियाटच असेल आणि जॅकवर दारं नीट लागत असतील तर चालवा. लागत नसतील तर उघडा, पण ऑक्टोबरात, आरसीवर दोन-तीन वर्षं शिल्लक असताना आणि गॅरेजात स्वतः आठवड्याला एक फेरी मारता येत असेल तरच. माझ्या गाडीचा उजवा रनिंग बोर्ड यंदा ठोकल्यावर थोडा डबडब वाजतोय. दिवाळीनंतर सहा आठवडे ती पत्र्याला देणार आहे. लोकलचा पास काढून ठेवलाय.